विजेच्या जाळ्याची भाषा कोण ठरवणार?

मिरज स्थानकाची एके काळी आगळी ख्याती होती. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रुळमार्ग तेथे येऊन मिळत. मिळत म्हणजे शेजारी शेजारी येऊन थांबत, एकमेकांत मिसळत मात्र नसत. एका गाडीतील पोती उतरवायची, हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या गाडीत चढवायची आणि मगच माल पुढे जायचा. रुळांमधील अंतर ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरविले आणि त्याचे मोल देशाने काही पिढ्या मोजले. १९९२ साली एकगेज योजना हाती घेतल्यानंतर हे दुखणे हळूहळू ओसरले. जे आरंभी एका बैठकीत ठरविता आले असते, ते निस्तरण्यासाठी हजारो किलोमीटरचे रूळ उखडावे लागले.

देशाची वीजव्यवस्था आज अशाच एका वळणावर उभी आहे. भेद एवढाच, की येथील 'गेज' डोळ्यांना दिसत नाही. ते आहे संदेशवहनाच्या मानकांचे.

कालपर्यंत विजेचा प्रवास एकाच दिशेने होत असे. कोराडीला किंवा चंद्रपूरला वीज तयार व्हायची, उच्चदाब वाहिन्यांवरून उपकेंद्रात यायची आणि रोहित्रामार्गे घरात पोहोचायची. आता तेच घर छपरावरील सौर पट्ट्यांतून वीज निर्माण करून जाळ्यात परत पाठवते. २०२४ च्या फेब्रुवारीत आरंभ झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेने अशा एक कोटी घरांचे लक्ष्य ठेवले आहे. ढग आला की सौर वीज घटते, वारा पडला की पवनचक्की थांबते, आणि तरीही मागणी व पुरवठा यांचा मेळ क्षणोक्षणी राखावाच लागतो. तो राखायचा तर मीटर, रिले, रोहित्र, उपकेंद्र आणि भारप्रेषण केंद्र यांनी परस्परांशी अखंड बोलत राहिले पाहिजे. यालाच 'स्मार्ट ग्रिड' म्हणतात. पण प्रत्येक यंत्र वेगळ्याच भाषेत बोलू लागले, तर संवादाच्या जागी गोंगाट होईल.

ही भाषा ठरविण्याचे काम प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोग, म्हणजे आयईसी, करतो. १९०६ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे पहिले अध्यक्ष लॉर्ड केल्विन होते. तिचे मुख्यालय जिनिव्हात आहे. तिच्या ५७ क्रमांकाच्या तांत्रिक समितीकडे वीजव्यवस्थेतील माहितीच्या देवाणघेवाणीचा विषय सोपविलेला आहे. या समितीचे 'आयईसी ६१८५०' हे मानक उपकेंद्रांच्या क्षेत्रात मैलाचा दगड ठरले. अमेरिकेत आणि युरोपात या दिशेने स्वतंत्र प्रयत्न चालले होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस ते एकत्र आणण्याचे शहाणपण दाखविले गेले, त्याचे हे फळ. सर्किट ब्रेकर कोणत्याही कारखान्यातून आलेला असो, या मानकात त्याचे नाव आणि त्याची स्थिती सांगण्याची रीत एकच आहे. दोष उद्भवताच एका रिलेचा संदेश दुसऱ्या रिलेला काही मिलिसेकंदांत मिळतो, आणि तांब्याच्या तारांच्या जुडग्यांऐवजी प्रकाशतंतूची एक वाहिनी पुरते.

इतर देशांनी या विषयाचे महत्त्व वेळीच ओळखले. अमेरिकेने २००७ च्या ऊर्जा कायद्याद्वारे स्मार्ट ग्रिडच्या मानकांत सुसूत्रता आणण्याचे दायित्व आपल्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेवर टाकले. तिचा पहिला आराखडा २०१० मध्ये आला. युरोपीय संघाने २०११ मध्ये आपल्या मानक संस्थांना तसाच आदेश दिला. चीनच्या सरकारी वीजजाल कंपनीचे अध्यक्षपद भूषविलेले शू यिनबिआओ २०२० ते २०२२ या काळात आयईसीचे अध्यक्ष होते. ज्याच्या हाती मानक, त्याच्या कारखान्याला बाजारपेठ, हे गणित या सर्वांना पक्के ठाऊक आहे.

भारताचा अनुभव काय सांगतो? इलेक्ट्रॉनिक मीटर आले तेव्हा प्रत्येक उत्पादकाची भाषा वेगळी होती. मीटर ज्याचा, वाचण्याची संगणक प्रणालीही त्याचीच. वितरण कंपनी एकदा एका पुरवठादाराच्या दाराशी गेली, की तिला दुसरे दार सहसा दिसत नसे. भारतीय मानक ब्यूरोने २०११ साली 'आयएस १५९५९' हे मानक प्रसिद्ध करून या कोंडीवर उपाय केला. त्याचा पाया आंतरराष्ट्रीयच होता. 'डीएलएमएस-कोसेम' या नावाने ओळखली जाणारी आयईसीची मीटरभाषाच त्यात स्वीकारलेली आहे. मात्र तिच्यातून आपल्याला हवे ते निवडून घेतले गेले, आणि मीटरशी होणाऱ्या छेडछाडीच्या नोंदींसारख्या येथील गरजांना त्यात सविस्तर स्थान मिळाले. २०१५ मध्ये स्मार्ट मीटरसाठी 'आयएस १६४४४' हे मानक आले. जगाची भाषा स्वीकारावी, पण तिच्यातून आपला आशय मांडावा, असा हा मार्ग होता आणि तो योग्यच होता.

काम मात्र अर्धेच झाले आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये संमत केलेल्या वितरण क्षेत्र सुधारणा योजनेत २५ कोटी स्मार्ट मीटरचे लक्ष्य आहे. मीटरच्या आतील भाषा एक झाली, तरी मीटरचा निरोप ज्या रेडिओ जाळ्यातून जातो, ती जाळी अजूनही बहुतांशी उत्पादकागणिक भिन्न आहेत. एका कंपनीच्या जाळ्यात दुसऱ्या कंपनीचा मीटर सहसा बसत नाही. दीर्घ मुदतीचे करार संपतील तेव्हा वितरण कंपन्यांच्या हाती स्वतंत्रपणे निवड करण्याची मोकळीक असेल, की तीच जुनी कोंडी असेल? हा प्रश्न निविदेच्या वेळीच विचारला पाहिजे. कारण त्याचे उत्तर चुकले, तर भुर्दंड अखेर ग्राहकाच्या वीजदेयकातच उतरेल.

दुसरा प्रश्न सुरक्षेचा आहे. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये संगणकीय हल्ला करून सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांचा वीजपुरवठा तोडण्यात आला. पुढच्याच वर्षी कीव्ह शहरावर झालेल्या हल्ल्यातील घातक प्रणाली तर वीजव्यवस्थेच्या याच प्रमाणित भाषा बोलत होती. सर्वांना कळणारी भाषा शत्रूलाही कळते. म्हणून भाषा लपवून ठेवणे हा उपाय नव्हे. बोलणारा कोण आहे याची खातरजमा करणे हा उपाय आहे. 'आयईसी ६२३५१' हे मानक त्यासाठीच आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई अंधारात गेली, तेव्हा घातपाताची चर्चा झाली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मात्र पुढे ती मानवी चूक असल्याचे सांगितले. कारण काहीही असो, लोकलगाड्या जागच्या जागी थांबलेल्या त्या दिवसाने महानगराचे जीवन किती नाजूक धाग्यावर लटकते आहे, हे दाखवून दिले.

तिसरा प्रश्न घराच्या उंबरठ्याआतील आहे. दर अर्ध्या तासाची नोंद ठेवणारा मीटर कुटुंब केव्हा उठते, केव्हा बाहेर जाते आणि घर केव्हा रिकामे असते, हेही सांगू शकतो. स्मार्ट मीटरविषयी महाराष्ट्रात उमटलेली नाराजी केवळ अज्ञानातून आली, असे मानणे ग्राहकावर अन्याय करणारे ठरेल. ही माहिती कोणाची, ती कोण पाहणार आणि किती काळ जपली जाणार, याचे स्पष्ट उत्तर मिळण्याचा त्याला अधिकार आहे. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा त्याला आधार देतो. त्या कायद्याचा आशय मीटरच्या मानकांत आणि पुरवठादारांशी होणाऱ्या करारांतही उतरला पाहिजे.

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मानके जेथे लिहिली जातात त्या टेबलापाशी घडतात. आयईसीमध्ये प्रत्येक देशाच्या राष्ट्रीय समितीला एक मत असते. पण मसुदा मतदानाला येतो तेव्हा त्याचा गाभा बहुधा ठरून गेलेला असतो. प्रभाव पडतो तो वर्षानुवर्षे कार्यगटांत बसणाऱ्या, ओळ न् ओळ तपासणाऱ्या अभियंत्यांचा. अल्पदाब एकदिश प्रवाहाविषयीच्या आयईसी समितीचे सचिवालय भारताकडे आले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आयईसीची सर्वसाधारण सभा नवी दिल्लीत भरली, या समाधानाच्या गोष्टी आहेत. तथापि यजमानपद चार दिवसांचे असते, कार्यगटातील तपश्चर्या दशकाची असते. वितरण व पारेषण कंपन्यांनी आपले उत्तम अभियंते या कामासाठी मोकळे करावेत, अभियांत्रिकी महाविद्यालयांनी मानकशास्त्राला अभ्यासक्रमात स्थान द्यावे आणि स्वतंत्र चाचणीत परस्परमेळ सिद्ध झाल्याविना कोणतेही उपकरण विकत घेऊ नये. स्वावलंबन म्हणजे जगापासून तुटलेले वेगळे मानक नव्हे. जगाच्या मानकावर आपल्या गरजांची मुद्रा उमटविण्याचे सामर्थ्य म्हणजे स्वावलंबन.

३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी देशाच्या निम्म्या भागातील वीज गेली होती. त्यानंतर दीड वर्षाच्या आत, ३१ डिसेंबर २०१३ रोजी, सोलापूर-रायचूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले आणि सारा देश एका कंपनसंख्येवर स्पंदू लागला. तारांनी देश जोडण्याचे काम त्या दिवशी पुरे झाले. त्या तारांवर बोलली जाणारी भाषा घडविण्याचे काम अजून उरले आहे. ते आज झाले नाही, तर उद्या पुन्हा रूळ उखडण्याची वेळ येईल. आणि मिरजेच्या हमालांनी पाठीवर वाहिलेले ओझे तेव्हा साऱ्या देशाला वाहावे लागेल.