समुद्र आपल्या पूर्वेला आहे, आबाजी

धानोऱ्यातल्या आजी-आबाजींनो, सुट्टीत नागपूर-पुण्याहून नातवंडं गावी आली की दोन दिवसांत भुणभुण सुरू होते: समुद्र पाहायचा. आता त्यात कॅराव्हॅनची भर पडली आहे. मोबाइलवर लेकरांनी चाकांवरचं घर पाहिलेलं असतं. मागे पलंग, बाजूला ओटा, खिडकीबाहेर लाटा. हट्ट वाईट नाही, पुरवा. फक्त कोकणाचं नाव घेण्याआधी नकाशा चटईवर पसरा आणि धानोऱ्यावर बोट ठेवा.

सरळ रेषेत मोजलं तर इथून मुंबई सुमारे आठशे किलोमीटर. पुरी सहाशेच्या आत. आणि विशाखापट्टणम सव्वाचारशेच्या आसपास. आपण महाराष्ट्राचे, म्हणून आपला समुद्र अरबी, असं आपण धरून चालतो. पाणी तसं धरत नाही. कठाणी वैनगंगेला मिळते, वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते आणि गोदावरी राजमहेंद्रीच्या पुढे बंगालच्या उपसागरात. आपल्या बांधीतून वाहून गेलेला पाऊस कधी रत्नागिरीला पोचलेला नाही. लेकरांना भूगोल शिकवायचा असेल तर हा एवढा धडा पुरे.

समृद्धी महामार्गाचा मोह पडेल, मला माहीत आहे. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. पण त्याच्या अलीकडे धानोरा ते नागपूर आहे आणि पलीकडे कोकणातले घाट. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस, आणि सिमेंटच्या सरळ रस्त्यावर लेकरं झोपलेली. दिवस मोजके, नातवंडं लहान, आपले गुडघे जुने. हातात असलेला वेळ थांबत-पाहत घालवायचा की नुसता गाडीत बसून, एवढाच प्रश्न आहे, आणि माझं उत्तर पूर्वेकडे जा हे आहे.

आपल्या दारातला राष्ट्रीय महामार्ग ९३० मुरूमगाववरून छत्तीसगडात जातो. मानपूर, दल्ली राजहरा, बालोद करत तो पुरूरला रायपूर-जगदलपूर रस्त्याला मिळतो. तिथून कांकेर, केशकाळचा घाट, कोंडागाव, जगदलपूर. पुढे ओडिशातलं कोरापूट, मग घाट उतरून सालूर, विजयनगरम आणि विशाखापट्टणम. सगळं मिळून साडेसहाशेच्या आत-बाहेर. एका दमात मारू नका. पहिला मुक्काम कांकेर किंवा कोंडागाव, दुसरा जगदलपूर, तिसरा कोरापूट, चौथ्या दिवशी समुद्र. ड्रायव्हर हसेल. हसू द्या. मुरूमगाव ते मानपूर आणि दोन्ही घाट दिवसाउजेडीच पार करा; अंधार पडला की जनावरं रस्त्यावर बसतात आणि जंगलात मोबाइलला रेंज नसते.

जगदलपूरला एक दिवस जास्त ठेवला तरी चालेल. तिथून जवळच चित्रकोटचा धबधबा आहे, इंद्रावतीचा. हीच इंद्रावती पुढे भामरागडला येते आणि आपल्या जिल्ह्याच्या कडेकडेनं जाऊन गोदावरीला मिळते, हे नातवाला तिथं उभं राहून सांगा. भाषेची काळजी करू नका. हलबी कानाला अर्धी मराठीच लागते, आणि घरात गोंडी बोलत असाल तर बस्तरच्या बाजारात तुमचा भाव नातवंडांपुढे एकदम वधारेल. शहरात शिकणाऱ्या पोरांना आपल्या आजीची भाषा तीन राज्यांत चालते हे कळायला यापेक्षा चांगली जागा नाही.

आता गाडी. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पुण्या-मुंबईकडे अशा गाड्या भाड्यानं मिळतातही. पण पुण्याहून गाडी मागवली तर ती धानोऱ्यापर्यंत रिकामी येणार आणि रिकामी जाणार, आणि त्या किलोमीटरचे पैसे तुम्हीच देणार. म्हणून माझं ऐकाल तर गडचिरोली-नागपूरकडची साधी ट्रॅव्हलर घ्या. मागच्या दोन सीट काढायला लावा, सतरंज्या टाका, शेगडी आणि पाण्याचे कॅन ठेवा. लेकरांना ती कॅराव्हॅनच वाटेल. रात्री मात्र लॉजवर किंवा धर्मशाळेत झोपा. सगळ्यांनीच गाडीत पाय दुमडून झोपण्याची हौस पहिल्या रात्रीतच फिटते.

गाडी कोणतीही असो, नंबरची पाटी पिवळी आणि आकडे काळे आहेत ना ते बघा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी ओळखीत स्वस्तात देतो म्हणाला तर नको म्हणा, कारण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. तीन परकी राज्यं ओलांडायची आहेत, तेव्हा ऑल इंडिया टुरिस्ट परमिट डोळ्यांनी पाहा. रोजचे किमान किलोमीटर, ड्रायव्हरचा भत्ता आणि त्याच्या झोपायची सोय आधी बोलून घ्या. चालत्या गाडीत शेगडी पेटवायची नाही आणि लेकरांनी सतरंजीवर लोळायचं नाही. पट्टा लावून सीटवर बसायचं. इंजिन चालू ठेवून एसीत झोपू नका. धुराचा विषारी वायू आत साचतो, त्याला वास नसतो आणि झोपलेल्याला कळत नाही.

कुठे थांबायचं, काय पाहायचं, हे नातवंडांना बसवून ठरवा. ज्या तालुक्यात मेंढा-लेखाची ग्रामसभा एकमत झाल्याशिवाय निर्णय घेत नाही, तिथल्या आबाजींनी घरात हुकूम सोडावा हे शोभत नाही. (खर्चाचा आकडा मात्र नातवंडांच्या सभेत मांडू नका.)

कधी जायचं? दिवाळीत नको. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा पूर्व किनाऱ्यावर चक्रीवादळांचा काळ. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुदनं विशाखापट्टणम झोडपून काढलं होतं. उन्हाळ्यातही नको. ३ मे २०१९ ला फनी पुरीवर आलं, शिवाय मे महिन्यात गाडीचा पत्रा भट्टी होतो आणि आपल्याकडे तेव्हा तेंदूपानाचा हंगाम असतो. धान खरेदी केंद्रावर गेलं, हातात चार पैसे आले, की जानेवारीचा शेवटचा आठवडा धरा. संक्रांतीला मुद्दाम टाळा, आंध्रात तो सगळ्यात मोठा सण आणि लॉज मिळत नाहीत. लेकरांची शाळा आठ-दहा दिवस बुडेल. सूनबाई कुरकुरेल. तिलाही सोबत घ्या.

समुद्राबद्दल नीट ऐका, कारण आपण नदीकाठची माणसं आहोत आणि तोच घोळ आहे. वैनगंगेत पोहणारा पोट्टा समुद्राला भीत नाही. नदी एकाच दिशेला ओढते. समुद्र आधी लोटतो आणि मग पायाखालची वाळू काढून घेत आत खेचतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा शांत, सपाट दिसतो आहे, तर आपल्याला वाटतं तिथंच उतरावं. तिथंच उतरायचं नाही. त्या पट्ट्यातून पाणी वेगानं आत परत जात असतं. कुणी सापडलंच तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नये, अंगातली ताकद संपते. तरंगत राहावं, हात वर करून हाक मारावी, आणि पोहायचंच तर किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याबाहेर यावं. बाकीच्यांनी मागोमाग उडी घेऊ नये. तरंगणारं काहीतरी फेकावं, रिकामा कॅनसुद्धा चालतो.

विशाखापट्टणमचा रामकृष्ण बीच पाहण्यासाठी आहे, अंघोळीसाठी नाही. तिथं वाळूवर ‘कुरसुरा’ ही पाणबुडी ठेवली आहे. १९६९ मध्ये नौदलात आलेली ही सोव्हिएत बनावटीची पाणबुडी २००२ पासून संग्रहालय आहे. आतले दरवाजे गोल आणि बुटके आहेत. पोरं त्यातून माकडासारखी जातात, आपण बाहेर बाकावर बसलेलं बरं. भिजायचं असेल तर ऋषिकोंड्याला जा आणि जीवरक्षक समोर असतील तेवढ्याच भागात उतरा. एका लेकरामागे एक मोठा माणूस, पाणी गुडघ्यापर्यंत, हात सोडायचा नाही. मला विचाराल तर मुक्काम भीमिलीकडे करा. किनाऱ्यालगतच्या रस्त्यानं जाता येतं, गर्दी कमी, गोस्थनी नदी तिथंच समुद्राला मिळते आणि डच लोकांची जुनी कबरस्तानं आहेत. गाडी वाळूत उतरवू नका, चाकं रुततात आणि भरती विचारून येत नाही. किनाऱ्यावर चूलही नको. गोव्यानं तर २०१९ मध्ये कायदा बदलून त्यावर दंडच ठेवला.

नातवंडांपैकी कुणाला सिकलसेल असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. चातगावच्या शोधग्रामातला माँ दंतेश्वरी दवाखाना आपल्या तालुक्यातच आहे, जिल्ह्याचं रुग्णालयही लांब नाही. अशा लेकराला थंड पाण्यात फार वेळ राहू देऊ नका, दमवू नका, पाणी सारखं पाजत राहा आणि त्याचं सिकलसेलचं कार्ड व गोळ्या सामानात न टाकता तुमच्या पिशवीत ठेवा.

आणि मच्छरदाणी. गडचिरोली, बस्तर, कोरापूट, हा सगळा पट्टा हिवतापाचा. आपल्याला सवय आहे, शहरातल्या लेकरांना नाही. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घालायला लावा. लेकरं पुण्याला परतल्यावर दोन-चार आठवड्यांत कुणाला थंडी वाजून ताप आला, तर तिथला डॉक्टर साधा व्हायरल म्हणून गोळी देईल. मुलाला फोन करून बजावा: डॉक्टरांना आधी सांग, आम्ही गडचिरोलीहून बस्तरमार्गे फिरून आलोय, आजच्या आज हिवतापासाठी रक्त तपासा.