गोधडीचा रंग पांढऱ्याला लागू नये म्हणून

पावसाळा सरून ऊन पडू लागले की वस्तीतल्या नळावर गोधड्या निघतात. याच दिवसांत भगिनींची एक तक्रार आमच्या कानावर हमखास येते : लाल ठिगळाचा रंग पांढऱ्याला लागला, आता काय करावे? गोधडीत आईचे लुगडे असते, मुलांचे फ्रॉक असतात. आपल्या लग्नातले पांढरे पातळही विरले की अस्तराला जाते. त्यावर लाल डाग पडले तर एका माउलीच्या कित्येक दिवसांच्या टाक्यांवर पाणी पडते.

रंग सुटतो का, ते आधी समजून घेऊ. सुती कापडाचे काही रंग धाग्याशी रासायनिक रीतीने जोडले जातात. असे ‘रिॲक्टिव्ह’ रंग १९५६ साली बाजारात आले. ‘डायरेक्ट’ नावाचे स्वस्त रंग मात्र धाग्याला नुसते धरून असतात आणि पाण्यात सुटतात. पक्क्या रंगाचे कापडही कारखान्यात नीट धुतलेले नसले तर उरलेला रंग पहिल्या काही धुण्यांत सोडते.

मिठाच्या पाण्यात भिजवले की रंग पक्का होतो, असे घरोघरी सांगतात. रंगारी रंगाच्या पाण्यात मीठ घालतो हे खरे. पण ते रंग सुतावर चढावा म्हणून. रंगवून झालेल्या कापडाचा कच्चा रंग मिठाने पक्का होत नाही. व्हिनेगरचेही तेच. ते लोकर-रेशमाच्या रंगांना उपयोगी, सुताला नाही.

मग करावे काय? खरी काळजी शिवण्याआधी घ्यावी. पांढरी चिंधी ओली करून प्रत्येक गडद कापडावर जोराने घासावी. चिंधी रंगली तर ते कापड वेगळे काढून गरम पाण्यात साबणाची पावडर घालून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे. चार-पाच धुण्यांनंतरही रंग जात असेल तर त्याचे पायपुसणे करावे, गोधडीत घालू नये. नेहमी धुतलेल्या जुन्या साडीची भीती कमी. धोका नव्या काठाचा, नव्या अस्तराचा आणि रंगीत दोऱ्याचा.

शिवलेली गोधडी थंड आणि भरपूर पाण्यात धुवावी. छोट्या बादलीत कोंबून ठेवू नये. धुतल्यावर ओला ढीग करू नये, लगेच दोन दोऱ्यांवर पसरून वाळवावी. एका दोरीवर दुमडून टाकली तर पोटाकडच्या बाजू एकमेकींना चिकटून रंग लागतो.

एवढे करूनही रंग लागलाच, तर गोधडी वाळू देऊ नये. वाळलेला डाग काढणे फार जड जाते. मोठ्या पिंपात कोमट पाणी व साबणाची पावडर घेऊन गोधडी पूर्ण बुडवावी, एकही कोपरा वर राहू नये. पाणी भरपूर असले की सुटलेला रंग साबणाबरोबर पाण्यातच राहतो. रात्रभर ठेवून सकाळी पाणी रंगीत दिसले तर पुन्हा तसेच करावे. ब्लीचिंग पावडर मात्र वापरू नये. तिने ठिगळांचेही रंग उडतात आणि जुने सूत कमजोर होते.

या सगळ्याला पाणी पुष्कळ लागते, म्हणून नळाला पाणी नीट येईल असा सुटीचा दिवस धरावा. आणि बंधूंनो, भिजलेली गोधडी एकट्या बाईला पिळवत नाही. त्या दिवशी दुसरे टोक आपण धरावे.