शेततळ्याचा कागद : कापड की प्लॅस्टिक?

शेततळ्यात आपण जे अंथरतो त्याला शेतकरी सरळ 'कागद' म्हणतो. भारतीय मानक ब्युरोच्या लेखी ते कृषी-वस्त्र आहे. विणलेल्या, लॅमिनेशन केलेल्या एचडीपीई अस्तराचे आयएस १५३५१ हे मानक 'ॲग्रो टेक्स्टाइल्स' याच मथळ्याखाली येते. सीमाशुल्काच्या दरपत्रकात मात्र तीच वस्तू बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या प्रकरणात जाऊन बसते. नाव काही का असेना, पाणी टिकले म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. पण नावावरून कर ठरतो आणि तो कर शेवटी शेतकऱ्याच्याच बिलात उतरतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. ठिबक आणि ट्रॅक्टर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले, त्याची बातमी गावोगाव पोचली. त्याच यादीत तांत्रिक कापडाचेही बरेच प्रकार ५ टक्क्यांवर आले. पीक झाकायला वापरतात ते न विणलेले कापड (शीर्षक ५६०३) त्यात आहे, प्लॅस्टिकचा लेप दिलेले कापडही (५९०३) आहे. पण ३९ व्या प्रकरणातल्या प्लॅस्टिकच्या फिल्म आणि तक्ते १८ टक्क्यांवरच राहिले. आता हिशेब करा. समजा अस्तराची मूळ किंमत एक लाख रुपये आहे. ते कापड ठरले तर कर पाच हजार, प्लॅस्टिक ठरले तर अठरा हजार. तेरा हजारांचा फरक एका आकड्यावर अवलंबून! व्यापारी भरलेला कर पुढे वळता करून घेतो. शेतकऱ्याला ती सोय नाही, कारण त्याचा शेतमाल करमुक्त आणि त्याची जीएसटीत नोंदणीही नाही. अनुदान असले तरी ते मापदंडाच्या मर्यादेत मिळते, वरचा बोजा खिशातूनच जातो.

हा आकडा म्हणजे एचएसएन. ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही पद्धत १९८८ पासून जगभर चालते. पहिले सहा आकडे सर्व देशांत सारखे, पुढचे दोन आपले. देशातला जीएसटीही याच आकड्यांवर चालतो. त्यामुळे न्हावा शेवा बंदरात परदेशी मालाचे वर्गीकरण ज्या नियमाने होते, तोच नियम इथल्या कारखान्यात तयार झालेल्या मालालाही लागतो. आयात मालावर मूळ सीमाशुल्क, समाजकल्याण अधिभार आणि वर आयजीएसटी, असे थर चढतात एवढेच.

मग कापड आणि प्लॅस्टिक यांतली रेघ कुठे मारतात? वस्तू शेतात वापरली की कारखान्यात, हे इथे कोणी विचारत नाही. मोजमाप बघतात. ५९ व्या प्रकरणाच्या टिपेत त्याच्या कसोट्या दिल्या आहेत. लेप नुसत्या डोळ्यांना दिसतच नसेल, तर ते साधे कापड. लेप दिलेले कापड १५ ते ३० अंश तापमानात हाताने ७ मिलिमीटर व्यासाच्या दांडीभोवती वाकवले आणि त्याला तडा गेला, तर ते प्लॅस्टिक. ही दांडी साधारण पेन्सिलीएवढी. आणि कापड प्लॅस्टिकमध्ये पूर्ण बुडालेले असेल किंवा दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकलेले असून तो थर डोळ्यांना दिसत असेल, तर तेही प्लॅस्टिक. आपला शेततळ्याचा कागद इथेच अडकतो. पाणी झिरपू नये म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन करतात, म्हणजे तो जितका चांगला बनवावा तितका कापडापासून लांब जातो.

निवडणुकीचा किंवा वाढदिवसाचा फ्लेक्स आपण नंतर कडब्याच्या गंजीवर टाकतो, तोही याच जातीचा. आत धाग्यांची जाळी, दोन्ही बाजूंनी पीव्हीसी. म्हणून तो प्लॅस्टिकच्याच प्रकरणात मोडतो. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात त्यावरचे आयात शुल्क १० वरून २५ टक्के केले. फ्लेक्स महाग झाला तर कोणाचे बिघडत नाही म्हणा!

शेडनेटची कसोटी वेगळी आहे. पट्टीची रुंदी ५ मिलिमीटरपेक्षा जास्त किंवा एकेरी तारेची जाडी १ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर ते प्लॅस्टिक. त्याच्या आत असेल तर कापडाच्या विभागात. शेडनेटची पट्टी सहसा याहून बरीच अरुंद असते आणि जाळी यंत्रावर गुंफलेली असते, म्हणून ती ६० व्या प्रकरणाकडे जाते. नियम असा स्वच्छ दिसतो, पण वाद संपत नाहीत. खताची विणलेली पिशवी घ्या. १९९० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने राज पॅकवेलच्या खटल्यात, एचडीपीईच्या पट्ट्या आणि त्यांच्या पिशव्या प्लॅस्टिकच, असा निकाल दिला. पुढे जीएसटी आल्यावर पुन्हा तोच घोळ. डिसेंबर २०१८ मध्ये परिपत्रक काढावे लागले आणि जानेवारी २०२० पासून लॅमिनेशन असो वा नसो, अशा सर्व पिशव्यांवर सरसकट १८ टक्के दर लावला. भांडण मिटले, पण मिटले ते वरच्या दराला.

मग शेतीसाठी म्हणून आलेले सगळे स्वस्त दरात टाका, असे म्हणावे तर तिथेही खोच आहे. गुंफलेल्या कृत्रिम कापडाची स्वस्त आयात इतकी वाढली की मार्च २०२४ मध्ये सरकारला त्यातल्या काही प्रकारांवर किलोला साडेतीन डॉलर अशी किमान आयात किंमत लावावी लागली. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात अशा नऊ प्रकारांवर २० टक्के किंवा किलोला ११५ रुपये, यांपैकी जास्त असेल ते शुल्क आले. अशा वेळी 'शेतीसाठी' एवढ्या शब्दावर सवलत दिली, तर कपड्यांचा तागा शेडनेट म्हणून उतरायला वेळ लागणार नाही.

माझ्या मते सवलत वापरावर नको, मानकावर द्यावी. आयएस १५३५१ चे अस्तर किंवा आयएस १६००८ ची शेडनेट, ब्युरोचा शिक्का असेल तर एकच दर, मग प्रकरण ३९ असो की ५९. शिक्का तपासता येतो, प्रयोगशाळा आहेत, वस्त्र समिती आहे. वस्त्र मंत्रालयाने २०२३ मध्ये कृषी-वस्त्रांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला, पण अंमलबजावणीची तारीख पुढे ढकलली गेली. एकीकडे देशात कृषी-वस्त्रे स्वस्तात बनावीत म्हणून २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी दोन प्रकारच्या मागांवरचे शुल्क माफ केले. त्या मागावरचे कापड लॅमिनेशन होऊन निघाले की मात्र प्लॅस्टिक! हा मेळ वस्त्र मंत्रालय आणि जीएसटी परिषद यांनीच घालायला हवा, तालुक्याच्या दुकानदाराकडून तो होणार नाही.

तोपर्यंत आपल्या हातात एवढेच आहे. खरेदी करताना बिलावर एचएसएन लिहून मागा. नोंदणी नसलेल्या ग्राहकाच्या बिलावर तो टाकण्याची लहान दुकानदाराला सक्ती नाही, पण मागितला तर देतो. आकडा ५६ किंवा ५९ ने सुरू होत असेल आणि कर १८ टक्के लावला असेल, तर तिथेच विचारा. ३९ ने सुरू होत असेल तर १८ टक्के बरोबर आहेत, दुकानदाराशी वाद घालू नका. आणि महाडीबीटीवर बिल चढवण्याआधी त्यावर मानकाचा क्रमांक आणि मायक्रॉन लिहिले आहेत ना, ते बघा.