समतोलाचें सोंग

गृहस्थानें आपला छंद, आपली बाग व आपला संसार ह्यांत समतोल कसा राखावा, असा प्रश्न हल्लीं सुशिक्षित मंडळींत मोठ्या गंभीरपणें चर्चिला जातो. प्रश्नाची मांडणीच आम्हांस नापसंत आहे. एका पारड्यांत कॅमेरा, दुसऱ्यांत कुंड्या, आणि तिसऱ्यांत (तराजूला तिसरें पारडें नसतें ही अडचण क्षणभर बाजूस ठेवूं) बायको! जिच्या घरांत, जिच्या वेळांत व जिनें भरलेल्या पाण्यावर हे दोन्ही छंद पोसले जातात, तिलाच त्यांच्या पंक्तीस तिसरा छंद म्हणून बसवावयाचें, आणि आठवड्यांतून दोन तास तिच्या पदरांत टाकून हिशेब चुकता झाला असें समजावयाचें! ह्याला समतोल म्हणणाराच्या धाडसाचें कौतुकच केलें पाहिजे.

पनवेलजवळील कामोठे वसाहतीचें उदाहरण घेऊं. कारण तेथें हा प्रश्न तत्त्वचर्चेचा राहत नाहीं, चौरस फुटांचा होतो. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, त्यापूर्वीं ह्या बाजूस खाडीलगतची भातखाचरें होतीं. आज तेथें इमारतींच्या रांगा आहेत, मानसरोवर स्थानकावरून मुंबईस जाणारी गर्दी आहे, आणि २०१६ पासून पनवेलची महानगरपालिकाहि आहे. जेथें एके काळीं भात पिके, तेथें मोगऱ्याच्या एका कुंडीसाठीं लाल माती पोत्यानें विकत आणावी लागते. अशा वसाहतींतील मध्यम स्थितीच्या बिऱ्हाडांत दोन-तीन खोल्या आणि हातभर सज्जा. ज्या न्हाणीघराच्या दाराची फट चिंधीनें बुजवून यजमान रविवारीं अंधारांत फिल्म टाकीच्या चक्रीवर चढवितात, तें त्या वेळीं धुण्याचें असतें. ज्या सज्ज्यांत कुंड्या मांडल्या, तोच वाळवणाचा असतो. आणि फ्रिजमध्यें विरजणाच्या भांड्याशेजारीं फिल्मच्या डब्या विराजमान असतात.

खिशांतल्या फोनवर क्षणांत चित्र निघत असतां छत्तीस चित्रांच्या रोलाकडे वळणारांस आम्ही वेडे म्हणणार नाहीं. मोजून छत्तीस वेळांच कळ दाबतां येते, आणि काय साधलें तें फिल्म धुतल्यावांचून कळत नाहीं, ह्यांत जी सक्तीची सावधगिरी आहे ती आजच्या काळांत दुर्मिळच. पण हा छंद निमूटपणें कोपऱ्यांत बसणारा नव्हे. त्याला अंधार लागतो, पाणी लागतें, थंडावा लागतो. डेव्हलपरचें द्रावण साधारणतः वीस अंशांवर वापरावें असा नियम. वैशाखांत गच्चीवरच्या टाकींतून येणारें पाणी त्याच्या कितीतरी वर असतें, मग बर्फाची मागणी स्वयंपाकघराकडे जाते. आषाढांत जेथें कपडे वाळत नाहींत तेथें फिल्म काय वाळणार? तिच्यावर धूळ बसूं नये म्हणून पंखा बंद, झाडलोट बंद, मुलांची धांवपळ बंद. आणि दमट हवेनें भिंगांस बुरशी चढूं नये म्हणून कपाटांतली कोरडी जागा प्रथम भिंगांना, उरल्यास पैठणीला! फिल्म धुण्यास अर्धा तास वाहतें पाणी लागतेंच, असें सांगणाऱ्या गृहस्थांस आम्ही इतकेंच कळवितों कीं, टाकी भरून पांच वेळां, पुन्हा भरून दहा वेळां व तिसऱ्यांदा भरून वीस वेळां उलटीसुलटी करून फिल्म धुण्याची रीत इल्फर्ड कंपनीनें केव्हांच प्रसिद्ध केली आहे. ती ह्या मंडळींस ठाऊक नसेल असें नाहीं. पाणी भरून ठेवणारें माणूस दुसरें असलें म्हणजे काटकसरीच्या रीती आठवत नाहींत.

बागेचेंहि तेंच. रोप निवडून आणणें, कलम बांधणें, फूल उमललें म्हणजे त्याचें चित्र घेणें हा यजमानांचा वांटा; उन्हाळ्यांत दोन वेळां पाणी घालणें, मावा पडल्यास पानें पुसणें आणि गळत्या पाण्याबद्दल खालच्या मजल्यावरील शेजारणीचें बोलणें खाणें हा गृहिणीचा. वापरलेलें हायपो कुंडींत ओतून मोकळे होणारे महाभागहि असतात. त्यांत फिल्मवरून सुटलेली चांदी असते, व ती मातींतील सूक्ष्म जीवांस अपायकारक आहे. ज्या कुंडींतला कढीलिंब रोज फोडणींत पडतो तिच्यांत तें ओतणें म्हणजे छंद आणि बाग ह्यांचा समतोल खासच साधला!

आमच्या ह्या तक्रारीवर दोन उत्तरें तयार असतात. पहिलें जुन्या वळणाचें: लग्न झालें, आतां हे चाळे पुरेत. हें आम्हांस मान्य नाहीं. ज्याचे सर्व छंद लग्नहोमांत पडले असा नवरा सहवासास अधिक सुखाचा ठरतो, असें मानण्यास आधार नाहीं. शिवाय ज्या घरांत नवऱ्याला हा उपदेश होतो त्या घरांत बायकोचा छंद उपदेशाची वाट न पाहतांच गेलेला असतो.

दुसरें उत्तर नव्या वळणाचें: पत्नीलाच छंदांत सामील करून घ्या. येथें दादासाहेब फाळक्यांचें उदाहरण हटकून पुढें येतें, आणि तें ह्या विषयास नेमकें लागू आहे. १९१२ सालीं इंग्लंडहून कॅमेरा आणल्यावर त्यांनीं एका कुंडींत वाटाणा पेरला, कॅमेरा त्यावर रोखून ठेवला, आणि महिनाभर रोज थोडी थोडी फिल्म खर्चून त्याच्या वाढीचें चित्र घेतलें. पडद्यावर तें जेमतेम मिनिटभर चाले. पण तें पाहून पैसा देणारे पुढें आले. कॅमेरा, कुंडी व संसार हीं तिन्ही त्या घरांत एकत्र नांदलीं हें खरें. परंतु तेथें सरस्वतीबाई काय करीत होत्या? कच्च्या फिल्मला भोकें पाडणें, ती रसायनांत धुणें, आणि हें सर्व सांभाळून ‘राजा हरिश्चंद्रा’च्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक. दागिनेहि त्यांचेच गहाण पडले. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशनमध्यें तो चित्रपट लागला, तोंवर घरादाराचीच पैज लागलेली होती. त्या पैजेंत बाईंच्या हातीं विद्या आली होती, यंत्र आलें होतें. आजचा हौशी गृहस्थ पत्नीला सामील करून घेतो म्हणजे तिला जास्वंदीशेजारीं उभी करून ‘हलूं नकोस’ म्हणतो. कॅमेरा तिच्या हातीं द्यावयाचा, तर रोल वायां जाईल ही भीति! आणि सरस्वतीबाईंचा दाखला देणारांस आणखी एक विचारावेंसें वाटतें. १९६९ पासून दिल्या जाणाऱ्या सरकारी पुरस्कारामुळें फाळक्यांचें नांव घरोघर पोंचलें. बाईंचें किती घरांत ठाऊक आहे, हें त्यांनीं आपल्याच घरीं विचारून पाहावें.

तेव्हां तासांची वांटणी आम्हांस नको. ज्याचा छंद त्याची उस्तवार, एवढें ठरूं द्या. बर्फ ज्याचा त्यानें लावावा, हायपो वेगळ्या डब्यांत सांठवावें, न्हाणीघर धुणें आटोपल्यावर मागावें. आणि मागण्यापूर्वीं पाहावें कीं, ह्याच घरांत दार लावून घेऊन आपल्या मर्जीचें कांहीं करीत बसण्याची दुपार बाईंच्या वांट्यास महिन्यांतून किती वेळां येते. ती येत असेल तर त्या घराशीं आमचें भांडण नाहीं. येत्या वैशाखांत कामोठ्याहून पहाटे कर्नाळ्यास पक्ष्यांचीं चित्रें घ्यावयास निघणारांनीं मात्र कुंड्यांना पाणी घालून निघावें. पक्षी सकाळीं लौकर दिसतात हें आम्हांसहि ठाऊक आहे. त्यासाठीं अर्धा तास आधीं उठावें लागेल.