चर्चेला अध्यक्ष नको

चांगल्या चर्चेला जाणकार माणसं लागतात असं जे म्हणतात, त्यांनी आयुष्यात एकही चर्चा धड ऐकलेली नसावी. जाणकार लागतो तो चर्चा संपवायला. चालवायला लागतो तो चुकीचं, पण ठासून बोलणारा माणूस!

आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर पिंपळाचा पार आहे. तिथे अकरा वर्षं पानिपत चालू होतं. मूळ पानिपत १४ जानेवारी १७६१ रोजी एका दिवसात आटोपलं. आमचं रोज संध्याकाळी सहाला पेटायचं. निवृत्त पोस्टमास्तरांचं मत असं, की विश्वासराव पडल्यावर भाऊसाहेब हत्तीवरून उतरले नसते, तर आज अटकेला मराठी शाळा असत्या. त्यावर कंपौंडरकाका उसळायचे, "अहो, यात्रेकरू आणि बायकामुलं बरोबर नेली, तिथेच हरलो!" होळकरांचा गनिमी कावा बरा की इब्राहिमखान गारद्याच्या तोफा, यावरून दोघांनी एकदा चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी दोघेही पावणेसहालाच हजर. भाऊंचा निकाल लागू नये यातच दोघांचं हित होतं. पोस्टमास्तरांच्या घरी बोलायला दुसरं कोणी नाही, हे मात्र तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

मग सोसायटीच्या कार्यकारिणीला वाटलं, एवढं ज्ञान उघड्यावर सांडतंय, त्याला जरा वळण लावावं. पार सुटला, हॉल आला. खुर्च्या, विषय, अध्यक्ष, प्रत्येकी पाच मिनिटं, शेवटी आभार. (आभार मानण्याजोगं काही घडण्याआधीच आभार मानणारा ठरलेला असतो.) पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची आहे, असा दाखलाही कोणीतरी दिला. आहे, आणि चिरायू होवो! पण तिथे एकाने बोलायचं नि बाकीच्यांनी ऐकायचं, असा करारच असतो. दाखलाच हवा तर रविकिरण मंडळाचा घ्या. कवी रविवारी चहाला जमत, म्हणून मंडळ झालं. ठराव करून कवी जमवले नव्हते.

हॉलमधल्या पहिल्याच सभेत पोस्टमास्तर रंगात आले आणि मल्हाररावांना त्यांनी पानिपतावरच धारातीर्थी पाडलं. पारावर ही चूक आठ दिवस पुरली असती. इथे अध्यक्षांनी घंटी वाजवली, पुस्तक उघडलं आणि मल्हारराव १७६६ साली वारले, हे पृष्ठक्रमांकासह सिद्ध केलं. टाळ्या पडल्या. पोस्टमास्तर "हो का?" म्हणाले आणि खाली बसले. पुढच्या सभेला ते आले नाहीत. तिसऱ्या सभेला कोणीच आलं नाही. आभार तेवढे झाले.

ते अध्यक्ष म्हणजे मीच.

पार सहा महिने ओस होता. काल धीर करून पोस्टमास्तरांची कडी वाजवली. दार अर्धंच उघडलं. मी म्हटलं, "विश्वासराव काही पानिपतात पडले नाहीत, बरं का. चांगले म्हातारे होऊन पुण्यात वारले."

ते माझ्याकडे बघतच राहिले.

"कुठलं पुस्तक वाचता हो तुम्ही?" म्हणाले, आणि पायांनी चपला चाचपू लागले.