पेशंटचा चार्ज

आमच्या बीड जिल्ह्यात अॅम्ब्युलन्सविषयी बोलणे निघाले की एक वाक्य हमखास कानावर येते : "मोठी गाडी आली की ती सोडायची नाही." म्हणजे व्हेंटिलेटरवाली गाडी दारात आली असेल, तर पेशंटचा पाय मुरगळलेला असो की छातीत कळ आलेली असो, त्याच गाडीने न्यायचे. डॉक्टरने तपासून "साध्या गाडीने पाठवतो" म्हटले तर नातेवाईक अंगावर जातात. मंडळी, आज याच विषयावर थोडे लिहिणार आहे. माझे मत बऱ्याच जणांना पटणार नाही, पण लिहितो.

आधी थोडी माहिती. महाराष्ट्रात 108 ची सेवा 2014 साली सुरू झाली. तेव्हा सगळ्या राज्यासाठी 937 गाड्या होत्या. त्यांतल्या 233 मोठ्या, म्हणजे व्हेंटिलेटर, हृदयाला शॉक देण्याचे यंत्र वगैरे असलेल्या. उरलेल्या 704 साध्या. ऑक्सिजन, स्ट्रेचर, प्रथमोपचाराचे सामान एवढेच. म्हणजे चारात एक मोठी. विशेष म्हणजे योजनेत दोन्ही प्रकारच्या गाड्यांवर डॉक्टर ठरवला होता. परदेशात मोठ्या गाडीतही अनेक ठिकाणी डॉक्टर नसतो, पॅरामेडिक असतो. तेव्हा "साधी गाडी म्हणजे टाकाऊ गाडी" हा समज मुळातच चुकीचा आहे. फरक मुख्यतः यंत्रांचा आहे.

आता आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यापुढे आणा. अकरा तालुके. केज, धारूर, परळीचा गंभीर पेशंट अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाच्या रुग्णालयात जातो. गेवराईचा बीडला, नाहीतर थेट संभाजीनगरच्या घाटीत. आष्टीचा नगरला (आताचे अहिल्यानगर). एकेक खेप म्हणजे जाऊन-येऊन दोन-दोन, तीन-तीन तास. मोडलेल्या मनगटासाठी मोठी गाडी तीन तास अडकली आणि त्याच वेळी शेजारच्या तालुक्यात कोणाचा श्वास अडकला, तर त्याने कोणाकडे पाहायचे? आपल्या पेशंटजवळ उभे असताना तो दुसरा पेशंट आपल्याला दिसत नाही, एवढेच. पण तो असतो. त्याचेही नातेवाईक रस्त्याकडे डोळे लावून बसलेले असतात.

ही निवड करण्याची कल्पना नवी नाही. नेपोलियनच्या सैन्यातल्या लारे नावाच्या सर्जनने दोनशे वर्षांपूर्वी दंडक घातला होता की जखमींना हुद्दा पाहून नाही, जखम पाहून उचलायचे. अमेरिकेत सिएटल शहरात 1970 पासून पॅरामेडिकची सेवा आहे. तिथे गंभीर पेशंट पॅरामेडिक नेतात; तपासून धोका नाही असे दिसले तर साध्या गाडीच्या लोकांकडे सोपवतात आणि स्वतः पुढच्या हाकेला मोकळे होतात. मला ही पद्धत रास्त वाटते. आपल्याकडेही ती नीट बसवली पाहिजे.

पण 'नीट' या शब्दावर माझा भर आहे. सोपवणे वेगळे आणि काखा वर करणे वेगळे.

माझ्या चुलतभावाचे उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी घाटात मोटारसायकल घसरून त्याचा पाय मोडला. मोठी गाडी आली. डॉक्टरने डोके, पोट, बी.पी. सगळे पाहिले, पायाला फळी बांधली, एक इंजेक्शन दिले आणि साध्या गाडीत घालून पुढे पाठवले. निर्णय योग्यच होता. पण दवाखान्यात पोचल्यावर तिथल्या डॉक्टरांनी विचारले, "इंजेक्शन कशाचे दिले? किती वाजता?" कोणालाच सांगता येईना. चिठ्ठी नाही, काही नाही. आणणारी गाडी पेशंट उतरवून निघून गेलेली. भाऊ कण्हत पडलेला आणि दुखणे थांबवायचे औषध पुन्हा द्यावे की नाही यावर अर्धा तास गेला. गाड्या कोणाच्या, दवाखाना कुठला, ते लिहीत नाही. नावे घेऊन काही साधणार नाही. अर्ध्या तासावर निभावले. ते इंजेक्शन त्याला न सोसणारे असते तर?

माझी उभी हयात शाळेत गेली. मुख्याध्यापक बदलून गेले की आमच्याकडे चार्ज देण्या-घेण्याचा कार्यक्रम दोन-दोन दिवस चालायचा. डेडस्टॉक रजिस्टर काढून बाक, नकाशे, घंटा, अगदी मोडक्या खुर्च्यासुद्धा मोजल्या जायच्या. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. मोडक्या खुर्चीचा चार्ज इतका काटेकोर देणारे आपण, जिवंत माणसाचा चार्ज मात्र तोंडी देतो, आणि कधी कधी तोही देत नाही!

म्हणून माझे म्हणणे असे. पेशंट सोपवायचा तर ज्याने तपासले त्यानेच ठरवावे. नाडी, बी.पी., श्वास, दिलेले औषध आणि वेळ एका कागदावर लिहावी. एक प्रत गाडीबरोबर जावी, एक नातेवाईकाच्या हातात असावी. वाटेत बिघडले तर कोणाला फोन करायचा आणि मोठी गाडी कुठे भेटेल, हेही आधीच ठरलेले असावे. साधी गाडी पेशंटजवळ येऊन उभी राहिल्याशिवाय मोठीने चाक हलवू नये. आणि साधी गाडी यायलाच पाऊण तास लागणार असेल तर हा खटाटोप नकोच. तेवढ्यात मोठी गाडी दवाखान्यात पोचते. सिएटलचे गणित पाटोद्याच्या डोंगरात जसेच्या तसे बसणार नाही.

काही पेशंट तर सोपवूच नयेत. मण्यारीचे उदाहरण घ्या. आपल्याकडे शेतात, कोपीत जमिनीवर झोपणारे किती लोक आहेत! मण्यार रात्री चावते. दुखत नाही, सूजही फारशी नसते. माणूस उठून बसतो, बोलतो. वरून पाहिले तर हलका पेशंट. काही तासांनी पापण्या जड होतात, बोलणे अडखळते आणि श्वास बंद पडू लागतो. त्या वेळी सर्पदंशाच्या लसीबरोबर व्हेंटिलेटर लागतो. मधुमेही म्हाताऱ्यांचेही तसेच. हृदयविकाराचा झटका येतो पण छातीत कळ येतेच असे नाही. नुसता घाम, नुसती मळमळ. घरचे म्हणतात, पित्त झाले. डोक्याला मार लागून क्षणभर शुद्ध हरपलेला माणूस किंवा रक्तस्राव होणारी बाळंतीण यांनाही शंकेचा फायदा मिळालाच पाहिजे. अशा ठिकाणी मोठी गाडी फुकट गेली तरी चालेल.

आणि आपलेही काही काम आहे. डॉक्टरच्या अंगावर धावून जाण्यापेक्षा तीन प्रश्न विचारा : काय तपासले? काय दिले? बिघडले तर काय करायचे? उत्तरे नीट मिळाली आणि कागद हातात पडला, तर निर्धास्तपणे साध्या गाडीत बसा. उत्तरे मिळाली नाहीत तर मात्र जागचे हलू नका. तुमचा तो हक्कच आहे.

आमच्या पिढीने बैलगाडीतून बाळंतिणी नेलेल्या पाहिल्या आहेत. त्या मानाने आज खूप सोय आहे. सोय आली, आता ती पुरवून वापरण्याची शिस्त यायला हवी. असो. माझ्या भाच्या-पुतण्यांत दोन-तीन डॉक्टर आहेत, त्यांनी चूकभूल दाखवून द्यावी. आणि तुमचा याबाबतचा अनुभव काय, तोही जरूर कळवा.