यंत्र आले, मास्तरांचे काय?

दसऱ्याच्या सुमारास आमच्या अंबडला एक चक्कर टाकावी. जालन्याकडचे अंबड नव्हे, नाशिकचे, कारखान्यांचे. लेथला झेंडूची माळ, प्रेसपुढे नारळ, ड्रिलिंगच्या यंत्राला हळदकुंकू, असा थाट असतो. पण सुटी संपली की तोच कामगार माळ बाजूला सारतो आणि यंत्र सुरू करतो. आमच्या शाळांतली तऱ्हा उलटी आहे. तिथे स्मार्ट बोर्ड येतो, पाहुणे येतात, नारळ फुटतो, छायाचित्र निघते; आणि मग त्या बोर्डावर जे कापड पडते, ते पुढचा पाहुणा येईपर्यंत उठत नाही!

वाचकहो, करंजीचा तुकडा तोंडात असताना असला विषय काढतो म्हणून रागावू नका. ज्या घरात दिवाळी अंक येतो त्या घरातले एखादे पोर शाळेत जात असते, आणि एखादी लेक किंवा सून बी.एड.ही करीत असते. हा तुमच्याच घरचा प्रश्न आहे.

दोष यंत्राचा नाही, आणि मास्तरांचा तर मुळीच नाही. दोष आहे तो मास्तर घडवणाऱ्या व्यवस्थेचा. आमच्या वसाहतीत एखादा पोरगा आला आणि म्हणाला, "मी लेथवर निबंध लिहिला आहे, मला पासष्ट गुण आहेत," तर फोरमन त्याला आधी चहा पाजील आणि मग झाडू हाती देईल. उमेदवारीचा कायदा आपल्याकडे १९६१ साली झाला. त्यामागचे तत्त्व साधे आहे: हात यंत्रावरच तयार होतो, वहीवर नाही. लोखंडाच्या तुकड्यासाठी आपण एवढी काळजी घेतो. मग चाळीस जिवंत मुलांसाठी का घेत नाही?

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. पण आमच्या शेजारच्या एका छात्राध्यापिकेच्या वह्या मी पाहिल्या. 'शैक्षणिक तंत्रविज्ञाना'च्या व्याख्या लाल शाईने अधोरेखित केलेल्या. प्रोजेक्टरची आकृती पट्टीने काढलेली. आणि सरावपाठ सगळे तक्त्यांवर. "प्रोजेक्टर हाताळलास का?" म्हणून विचारले. ती म्हणाली, "काका, ती खोली कुलपात असते." पोहण्याच्या परीक्षेत पाण्याची व्याख्या लिहून उत्तीर्ण होण्याचाच हा प्रकार झाला!

आणि हे आजचे नाही. १९८४ च्या सुमारास केंद्र सरकारने निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक पाठवले. त्याच वर्षी पुण्यात बालचित्रवाणी उभी राहिली. मुलांसाठी मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम करणारी केवढी गुणी संस्था ती! २०१७ साली ती बंद पडली. बंद पडण्याची कारणे पुष्कळ असतील. पण मला विचाराल तर, कार्यक्रम सुरू होण्याआधी मुलांना काय विचारायचे आणि तो संपल्यावर काय करून घ्यायचे, हे मास्तरांच्या हाडीमाशी रुजवण्याचे काम आपण कधी मनापासून केलेच नाही. पडदा बदलत गेला; पडद्यासमोरचा माणूस आपण तसाच ठेवला.

यावर एक वर्ग म्हणतो, "हल्लीची पोरे मोबाइल घेऊनच जन्मतात, त्यांना काय शिकवायचे?" अहो, पाणी पिता येणाऱ्या प्रत्येकाला विहीर खणता येत नाही. दुसरा वर्ग त्याहून शहाणा. तो म्हणतो, आता यंत्रच शिकवील, मास्तर कशाला? २०२० साली करोनाने शाळांना कुलपे लावली, तेव्हा हा प्रयोगही झाला. आमच्या कामगार वस्तीत घरात फोन एक, आणि तो बापाबरोबर पाळीवर जाई. ज्या मुलांचे थोडेफार शिक्षण टिकले, ते दारोदार फिरणाऱ्या, ओट्यावर चार पोरे बसवणाऱ्या मास्तर-बाईंमुळे टिकले.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना त्याच २०२० साली दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले, आणि त्यांनी त्यातले निम्मे इतर नऊ स्पर्धकांत वाटून टाकले. लोक म्हणतात, पुस्तकात क्यूआर कोड घातला म्हणून बक्षीस. पण त्या कोडाआधी त्यांनी मुलांची मातृभाषा कन्नड आहे हे ओळखले आणि पुस्तके त्या भाषेत नेली. आधी मूल, मग साधन. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाने, बिया, शंख-शिंपल्यांतून हेच केले होते. शिंपला असो की संगणक, तो कधी पुढे करायचा आणि कधी मागे ठेवायचा, ही अक्कल म्हणजेच शिक्षकाचे शिक्षण.

माझ्या मागण्या तीन. पहिली: सरावपाठांपैकी काही पाठ खऱ्या वर्गात, खऱ्या यंत्रावर झालेच पाहिजेत, आणि परीक्षकाने मध्येच वीज बंद करावी! उरलेला पाठ जो खडूने पुरा करील तोच उत्तीर्ण. दुसरी: आता पाठाचे टाचणही यंत्र घटकेत लिहून देते, त्यातल्या चुका शोधून दाखवण्याला गुण ठेवा. तिसरी, आणि सर्वांत अवघड: जे प्राध्यापक हे शिकवणार, त्यांना आधी शिकवा.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या एकात्मिक शिक्षक-शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. वेळ नाही ही सबब आता चालणार नाही. आमच्या नाशकात तर १९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. दुरून शिकवण्याचा एवढा अनुभव दुसऱ्या कोणाजवळ असेल? त्याने पुढाकार घ्यावा.

आणि तुम्हीही, वाचकहो, पालकसभेला जाल तेव्हा शाळेत स्मार्ट बोर्ड किती, हे विचारू नका. तो चालवायला आमच्या बाईंना कोणी, किती दिवस आणि कोणत्या वर्गात शिकवले, हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.